वरच्या थरातले दाणे

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. मी खापरं जुळवते. हजारो वर्षांपूर्वी फुटलेलं मडकं सांधते आणि घरी कप फुटला की केरात टाकते, इतका साधा माझा स्वभाव. त्या दुपारीही संग्रहालयाच्या तळघरात उतरले ती एक मडकं चिकटवायलाच.

मडकं नवाश्मयुगातल्या एका वस्तीचं. आठ वर्षांपूर्वी ती आम्ही खणली. सर उत्खननाचे प्रमुख. वडील गेल्यावर त्यांनीच मला लेकीसारखं शिकवलं. वस्ती कधी संपली, यावर मात्र आमचं जमेना. त्यांचं म्हणणं, हातानं करडी भांडी घडवणारे लोक आधीच नाहीसे झाले आणि दोनशे वर्षांनी चाकावरची काळी भांडी घेऊन दुसरेच कुणी आले. मला वाटायचं, लोक तेच, भांडी बदलली. निवाडा सगळ्यात वरच्या थरातल्या जळक्या दाण्यांवर होता. सरांनी ते तपासून घेतले, तारीख जुनी निघाली, म्हणजे त्यांच्या बाजूनं. मी हरले म्हटलं आणि अहवालावर सही केली.

मडक्याच्या काठाचा एक तुकडा मिळेना, म्हणून वरच्या थराची पेटी उपसली. तळाशी त्या थरातल्या दाण्यांची एकुलती एक पुडी होती. उत्खननात मीच लावलेलं सील जसंच्या तसं. म्हणजे हे दाणे तपासायला गेलेच नव्हते. खालच्या, जुन्या थरातले दाणे वरचे म्हणून गेले होते. डोळे झाकून ज्यांच्यामागे चालले, त्यांनीच केसानं गळा कापला.

तेवढ्यात कपाटांमागून आवाज आला. थप... थप... ओल्या मडक्यावर कुंभाराची थापी पडावी तसा. ओल्या मातीचा आणि धुराचा वास सुटला. सगळे दिवे चालू होते. मागे जाऊन पाहिलं तर कुणी नव्हतं.

मी सरांना फोन लावला.

"सर, पुडी फोडलेलीच नाही."

ते म्हणाले, "पोरी, संपायचं ते संपलंच होतं. थोडं आधी संपलं तर कुणाचं काय बिघडलं?"

थप... थप...

"तुझ्याजवळ कोण आहे?"

कुणी नाही, असं मी सांगितलं.

"मग... एवढी माणसं बोलताहेत ती कोण?"

मला थापीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पुडी घेऊन परगावच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या लोकांनी माझ्यासमोर सील फोडलं. दीड महिन्यानं तिथल्या तपासनिसांचा फोन आला. गृहस्थ चिडलेले होते.

"बाई, आमची परीक्षा घेताय का? हे दाणे यंदाच्या पिकाचे आहेत."

आठ वर्षांपूर्वीचं सील तुम्हीच फोडलंत ना, असं मी विचारलं.

"फोडलं ना." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "उरलेले दाणे तेवढे घेऊन जा. आम्हाला इथे नकोत... अजून गरम आहेत."