वाउटरसाहेबांचा गज

“गज गेला!”

जिन्यातून ओरडा आला आणि वरच्या मजल्यावरची ब्रिना भूगोलाचं पुस्तक तसंच टाकून खाली धावली. खालच्या मजल्यावरच्या तोंचकामावशी हातात चिठ्ठी घेऊन दाराबाहेरच उभ्या होत्या.

वाउटरसाहेब बेल्जियमहून दहा दिवस आराम करायला स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानात आले होते. नदीकाठी कॉफी, दुपारी चेलो. तिसरा महिना लागला तरी ते मावशींकडेच भाड्याने. आता चेलो होता, पण वाजवायचा गज नव्हता. साहेब बॅग भरत होते.

कामवाली सेनादा दारात आली. मूळची बोस्नियाची. “तुम्ही सगळ्या आत या,” ती म्हणाली.

“सगळ्या कुठे? दोघीच आहोत!” मावशी कडाडल्या. “बारा वर्षं झाली, हिला अजून आपल्या स्लोव्हेनियनमधलं दोघांसाठीचं द्विवचन येत नाही. चोरी बरी येते! ब्रिना, हे बघ. हिच्या अ‍ॅप्रनच्या खिशात होतं.”

चिठ्ठी कुणा गिऱ्हाइकाला लिहिल्यासारखी, ठळक, सुट्या अक्षरांत होती: ‘काठी मला जवळ आहे. उद्या दहा, ड्रॅगनच्या पूल, आपण दोघं भेटू.’

“अगदी हिचंच मोडकंतोडकं,” दोघी आत येताच मावशींचा मुलगा मातेव्ज स्वयंपाकघरातल्या सोफ्यावरून म्हणाला.

“पाचच्या आत तुझी माळ्यावरची खोली रिकामी कर,” मावशींनी बजावलं.

सेनादाने किल्ली टेबलावर ठेवली. पाचला तिची मुलगी शाळेतून यायची. सव्वाचार वाजले होते. ब्रिना येरझाऱ्या घालू लागली.

“सेनादामावशी, गजाला काठी म्हणता?”

“दुसरं नाव मला माहीत कुठे? आज सकाळी साहेबांनी पुसायला दिली, तेव्हा पहिल्यांदा म्हटलं.”

“तेव्हा तिथे कोण होतं?”

“साहेब आणि मातेव्ज. बाई बाजारात.”

“मातेव्ज, तू सोफ्यावर झोपतोस?”

“मग काय छपरावर? माझी खोली साहेबांना दिलीय ना! पाठीचं पार भजं झालंय.”

ब्रिना थांबली.

“ही चिठ्ठी सेनादामावशींची नाही. बाकी सगळं मोडलंय, पण ‘भेटू’ पक्कं द्विवचनात आहे! आपल्याकडे जन्मलेल्याच्या हातून ते आपोआप येतं. नक्कल करणारा तेवढं मोडायला विसरला.”

“म्हणजे मी?” मावशी उसळल्या.

“‘काठी’ तुम्ही ऐकलंच नव्हतं. ऐकलं दोघांनी. साहेबांना नमस्कारापलीकडे आपली भाषा येत नाही. उरलं कोण?”

सगळे सोफ्याकडे वळले.

मातेव्जचे कान लाल झाले. त्याने गादीखालून गज काढला. “मोडला नाहीये. मला फक्त माझी खोली हवी होती. गज गेला की साहेब जातील, एवढंच.”

“आणि ही?” ब्रिनाने सेनादाकडे बोट केलं.

त्याने गज टेबलावर, किल्लीशेजारी ठेवला.

मावशींनी किल्ली उचलून सेनादापुढे धरली. “राहा, बाई. चुकलंच माझं.”

सेनादाने हात पुढे केला नाही. “चोर म्हणून तुम्ही जिन्यात ओरडलात. चारही मजल्यांनी ऐकलं. माझी मुलगी त्याच जिन्याने येणार.”

मातेव्जच्या मनगटाला धरून मावशींनी त्याला जिन्यात ओढलं.

“बोल,” त्या म्हणाल्या. “मोठ्याने.”

वर एक दार उघडलं. मग दुसरं.