शरकच्या वखारीचं दार

राहू दे तो दिवा बंद, सुयोग. भुताची गोष्ट मागता आणि लाईट लावून बसता, तुमचं काय करायचं रे! आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. जयराम मेस्त्री काही ऐकीव माणूस नव्हे. याच फरवानियात, याच खोलीत, माझ्या वरच्या खाटेवर झोपायचा. कुडाळकडचा सुतार, पोटासाठी इथे आखातात आलेला. अंगाने काटकुळा, तोंडाने फटकळ.

सत्त्याण्णव साल. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून आम्ही पत्ते कुटत बसलेलो. जयरामने डब्यात भात-कालवण भरलं, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली.

"खंय रे?" मी विचारलं.

"दाराची राखण करूक," म्हणाला, आणि शरकची बस पकडून गेला.

तिथे समुद्राकडे तोंड करून एका जुन्या व्यापाऱ्याची हवेली आहे. खाली वखार, वर बैठकीच्या खोल्या. एके काळी आपल्याकडची गलबतं लाकूड आणि सुतार घेऊन यायची, दारापुढेच लागायची म्हणे. आता मधून गल्फ रोड गेलाय. नव्वदच्या लढाईत तिची पडझड झालेली, ती दुरुस्त करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. जयरामकडे वखारीचं मोठं दार. बिजागऱ्या नाहीत हां त्याला. दाराच्या वरच्या-खालच्या टोकाला लाकडी खुंट, ते चौकटीच्या भोकांत बसवायचे, त्यावर दार फिरतं. उचलायला चार माणसं लागतात. मंगळवारी जयरामने ते बसवलं. बुधवारी सकाळी बघतो तर दार उतरवून भिंतीला टेकवलेलं. पुन्हा बसवलं. गुरुवारी पुन्हा तेच! आणि अंगणाच्या फाटकाला रात्रभर कुलूप, किल्ली चौकीदार यूसुफच्या खिशात.

फोरमन मुस्तफा खवळला. सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमको काम नहीं आता. शनिवार को मालिक आएगा. दरवाजा गिरा मिला, तो तुम सीधा एअरपोर्ट."

जयरामचं टाळकं सरकलं. घरी जायला तो भीत नव्हता रे. पण सुताराला सुतारकाम येत नाही म्हणून हाकलला, हे सांगायचं कुणाला? ज्या बापाने हातात रंधा दिला, त्याला? गुरुवारी दुपारी त्याने दार तिसऱ्यांदा बसवलं आणि ठरवलं, आज रात्री इथेच येऊन बसायचं.

यूसुफ म्हातारा भला माणूस. फाटकात हात जोडून म्हणाला, "रात को मत रुको, भाई. वो लोग आते हैं."

"कौन लोग?"

यूसुफने बाहेरून फाटकाला कुलूप घातलं आणि आपल्या खोलीत जाऊन दिवा मालवला.

जयरामने वखारीत शिरून दार लावलं, आतून अडसर घातला. जेवला. दाराला पाठ टेकून, हातोडी मांडीवर घेऊन बसला. झरोक्यातून चांदणं आत आलेलं. वखार रिकामी, वर जायचा जिना रिकामा. रस्त्यावरच्या गाड्या हळूहळू कमी झाल्या. बारा वाजून गेले असतील.

दार हललं.

ढकलल्यासारखं नव्हे... उचलल्यासारखं. त्याच्या पाठीला लागून ते वर सरकलं. बोटभर. आणि थांबलं.

तुम्ही काय केलं असतंत? बोंब मारली असतीत. मीही मारली असती. जयराम उठला, वळला, आणि त्याला आला राग! आपल्याकडे देवासमोर गाऱ्हाणं घालतात ना, तसं त्याने त्या दारासमोर उभं राहून, खणखणीत आवाजात घातलं.

"बा म्हाराजा! हय जो कोण राखणदार आसात त्येनी आयकान घी! मी जयराम मेस्त्री, मेस्त्र्याचो झील. नारळ हाडूक नाय, कोंबो हाडूक नाय, तुका कायएक मिळाचा नाय! माझ्या कामात खोट आसात तर माका दाखव. नसात तर माझ्या दाराक हात लावू नको रे म्हाराजा!"

ना नारळ, ना कोंबडा, वर हा दम! आणि सवयीने थांबला. गाऱ्हाणं घालणारा थांबतो ना... जमलेल्यांनी हुंकार द्यायचा असतो म्हणून.

वखारीत तो एकटा.

वरून, जिन्याच्या काळोखातून...

"व्हय म्हाराजा."

एक आवाज. मग दुसरा... मग दाराच्या बाहेरून, अंगणातून, कितीतरी. हळू. दमलेले. आपलेच आवाज रे... आपल्याच बोलीतले.

तरी जयराम ओरडला, "व्हय तर व्हय! मी हयसून हलाचंय नाय!" आणि पुन्हा दाराला पाठ लावून बसला. डोळे गच्च मिटून.

मग ठोके सुरू झाले.

त्याच्या डोक्याच्या वर. अगदी वर. ठक... ठक... लोखंडाचा आवाज नव्हे. लाकडावर लाकूड. घाई नाही. एक ठोका. मग शांत... जणू कोणी मान वाकडी करून बघतंय. मग पुन्हा एक.

त्याने वर बघितलं नाही.

उजाडल्यावर यूसुफने फाटक उघडलं. दार जागच्या जागी होतं. जयरामने अडसर काढला आणि एका बोटाने ढकललं. चार माणसांनी उचलायचं ते धूड, कुरकुरसुद्धा न करता फिरलं.

शनिवारी मालक आला. दार उघडून-मिटून बघितलं, खूश झाला. मुस्तफा जयरामला म्हणाला, "देखा? अब ठीक किया!"

"मैं पहले भी ठीक किया था!" जयराम सगळ्यांदेखत छाती काढून म्हणाला. शेवटपर्यंत तेच सांगत राहिला सगळ्यांना.

फक्त मला एकदा, रात्री, वरच्या खाटेवरून खरं सांगितलं. शुक्रवारी सकाळी त्याने शिडी लावून बघितलं होतं. वरचा खुंट भोकात सैल बसत होता, ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता तिथे एक पाचर मारलेली होती. त्याने मारलेली नव्हती. दारासारखी सागाची नव्हती. पिवळीधमक, फणसाच्या लाकडाची. या वाळवंटात फणस कुठला, सांगा मला!

त्याने बोट लावून बघितलं.

बोट चिकटलं. चीक अजून ओला होता.