वाटीभर घाण

पाणी कसं नितळ, काच लख्ख, आणि मासे मात्र वर येऊन तोंडं वासत होते! शाल्मलीला काही उमजेना.

मंगळावरच्या जुन्या घुमटातून नव्या घुमटात राहायला येताना तिने सगळं रीतसर केलं होतं. टाकी रिकामी करून आणली, मासे त्यांच्याच पाण्यात बादलीतून आणले. दोन दिवस बरे गेले. आज मात्र तिचा लाडका गुरामी मासा, गोट्या, तळाशी आडवा पडला होता. तो मरणार, या भीतीने तिने आत्याला हाक मारली.

सूक्ष्मजीवांवर संशोधन करणाऱ्या आत्याने पाणी तपासलं आणि घरातल्या यंत्रमानवाला, खटपट्याला, टाकीच्या गाळणीतल्या स्पंजचं काय केलंस म्हणून विचारलं.

“उकळला,” खटपट्या ऐटीत म्हणाला. “खडीही उकळली. नव्या घरात जुनी घाण नको, असं शाल्मलीताईच म्हणाल्या.”

आता बोला! आत्याने कपाळाला हात लावला. आधी निम्मं पाणी बदललं, मग समजावलं. मासे पाण्यात अमोनिया (त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारा विषारी पदार्थ) सोडतात. तो दिसत नाही, म्हणून पाणी स्वच्छ वाटतं. स्पंजवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट (माशांना फारसं न बाधणारं, पाणवनस्पतींना खत म्हणून चालणारं द्रव्य) करतात. म्हणून स्पंज टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळायचा असतो.

“ती घाण नव्हती गं, विरजण होतं,” आत्या म्हणाली.

विरजण संपलं तर काय करायचं, हे का कोणाला शिकवावं लागतं? शाल्मलीने वाटी उचलली आणि शेजारच्या तुंगारेकाकूंचं दार वाजवलं. त्यांच्या खिडकीत माशांची टाकी दिसतच होती.

“काकू, तुमच्या गाळणीतली थोडी घाण द्याल?”

काकू बघतच राहिल्या. पहिलीच ओळख, आणि पोरगी मागते काय, तर घाण! शाल्मलीने न अडखळता सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी स्पंजचा तुकडाच कापून दिला. वाळू नये म्हणून वर टाकीतलं पाणी घातलं.

तो तुकडा गाळणीत बसला. मग रोज थोडं पाणी बदलायचं, खाणं बेतानेच द्यायचं, आणि वाट बघायची. शाल्मलीचा जीव टांगणीला लागला होता. एका सकाळी गोट्याने दाण्यावर झडप घातली आणि तिला रडूच कोसळलं.

डोळे पुसून तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. दूरवर आणखी एक घुमट उभा राहत होता.

“आत्या, तिथे खरंखुरं तळं करणार आहेत ना? मग त्याला विरजण आपण देऊ.”