घंटागाडीतला आवाज

सकाळी सातला सोनतळ्यात घंटागाडी येई, आधी घंटा वाजे आणि मग शैलाताई बोलू लागत. ओला कचरा हिरव्या डब्यात टाका, सुका निळ्यात. कुंभारवाड्यात बारसं आहे, बाळाला आशीर्वाद. आज पाणी अर्धा तास उशिरा येईल, राग मानू नका. नगराध्यक्षा शैलजा रणपिसे उठल्याबरोबर फोनवर चार वाक्यं बोलत आणि नगरपरिषदेच्या बाराही गाड्यांमधून ती गल्लोगल्ली फिरत. गाडी आली नाही, तर लोकांना कचऱ्यापेक्षा त्या आवाजाचीच आठवण जास्त येई.

लॉजच्या खिडकीत उभ्या असलेल्या केतकी उबाळेने मात्र कपाळावर हात मारला. राज्याच्या सायबर जागृती कक्षातली ती अधिकारी, आणि तिच्या मते हे गाव आपल्या घराची किल्ली रोज सकाळी भोंग्यावरून वाटत होतं.

सोनतळ्याचं पाणी आता माणसं सोडत नसत. टाक्या, पंप, झडपा हे सगळं 'जलसारथी' नावाची यंत्रणा सांभाळे, आणि जलसारथी फक्त ताईंच्या आवाजाचं ऐके. पूर्वी त्याला पासवर्ड होता. तो पंपघराच्या भिंतीवर खडूने लिहिलेला सापडला, तेव्हा सरकारने 'स्वरमुद्रा' आणली. माणसाचा सूर, त्याचा श्वास, जीभ कुठे अडखळते, या सगळ्यांचा मिळून एक ठसा तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा. ताईंनी फोनवर हुकूम दिला, की यंत्रणा तो ठसा ताडून पाही आणि काम करी. फरक एवढाच, की अंगठा कुणी गल्लोगल्ली वाजवत फिरत नाही.

क्लोरीनची झडप तेवढी अजून माणसाच्या हातात होती. पंपघरात गुलाब तडवी नावाचा म्हातारा चावीवाला हातभर लोखंडी चावी घेऊन बसे, आणि त्याने चावी फिरवली नाही, तर जलसारथीचा हुकूमही तिथेच अडे. तीच चावी काढून घेण्याचा ठराव आज सभेपुढे होता. तो मंजूर झाला, की पस्तीस हजार माणसांच्या पाण्यात किती क्लोरीन जावं हे फक्त एका आवाजावर ठरणार होतं. तो ठराव अडवायला केतकी आली होती.

सभेत तिचं स्वागत कसं झालं ते सांगण्यासारखं नाही. पहिली दहा मिनिटं तिला माईकच मिळाला नाही. मिळाला, तेव्हा तिने आपली नेहमीची चूक केली. पडद्यावर चाळीस चित्रं, त्यांत बाणच बाण, आणि तोंडात 'द्विस्तरीय प्रमाणीकरण' असले शब्द. पंचवीस नगरसेवकांपैकी सहा जण मोबाइल बघत होते आणि एक जण उघड घोरत होता. या आधीच्या अकरा गावांत निदान शाल आणि नारळ देऊन तिची बोळवण झाली होती. इथे एका नगरसेवकाने विचारलं, की बाई, तुमच्या घरी नळ आहे का, आणि सगळं सभागृह हसलं. केतकीच्या अंगाची लाहीलाही झाली.

शैलाताई हसल्या नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हे गाव माझ्या आवाजावर विश्वास ठेवतं. तुम्हाला तोच मोडायचाय का?"

केतकीने बाणांचा पडदा बंद केला. आपण करतोय ते नियमात बसत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण शब्द संपले होते. सकाळी लॉजच्या खिडकीतून तिने घंटागाडी मोबाइलवर टिपून ठेवली होती. तेवढ्या आवाजावरून नक्कल उतरवायला तिच्या मोबाइलला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नव्हता. तिने सर्वांसमोर जलसारथीचा क्रमांक लावला, आणि मोबाइलमधून शैलाताई बोलल्या, की कचेरीसमोरचं कारंजं बंद कर.

खऱ्या शैलाताई ओठ मिटून बसल्या होत्या. खिडकीबाहेर, महिन्यापूर्वी त्यांनीच उद्घाटन केलेलं कारंजं खाली खाली आलं आणि थांबलं. "केलं, ताई," जलसारथी अदबीने म्हणाला.

क्षणभर केतकीला वाटलं, आता समजलं यांना. कसलं समजतंय. एकदम गिल्ला उठला. आमच्या ताईंचा आवाज चोरला, एका बाईने बाईची अब्रू घेतली, गुन्हा दाखल करा. फौजदाराने तिचा मोबाइल काढून घेतला आणि उद्या सकाळी जबाबाला हजर राहा म्हणून बजावलं. त्या गोंधळातच ठराव पुकारला गेला, आणि सोनतळ्याच्या रिवाजाप्रमाणे न वाचता, न मोजता, सगळे एका सुरात 'मंजूर' म्हणाले.

गुलाब तडवी दाराशी उभा होता. त्याला तिथूनच पंपघरात पाठवलं, क्लोरीन किती सोडायचं ते यापुढे जलसारथीनेच ठरवावं म्हणून झडप पूर्ण उघडायला लावली आणि चावी आणवली. ती ताईंच्या हातात देताना तो फक्त एवढंच म्हणाला, "ताई, चावीला आवाज कळत नाही. ती हातानंच फिरते." ताईंनी ती पिशवीत टाकली. केतकी त्या पिशवीकडे बघत राहिली, आणि तिला रडू आवरेना. राग गावाचा होता, ताईंचा होता, आणि त्या चाळीस चित्रांचाही होता.

दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच ती पोलीस ठाण्यात हजर झाली. तक्रारीवर सही करायला शैलाताईही आल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन. दोघी एकाच बाकावर, तोंडं दोन दिशांना. हवालदाराने ताईंपुढे पाण्याचा पेला ठेवला. सातला बाहेर घंटा वाजली आणि गाडीतून ओळखीचा आवाज आला.

"नमस्कार. मी तुमची शैलाताई. आज पाण्याला उग्र वास येईल, डोळे थोडे चुरचुरतील. विशेष शुद्धीकरण चालू आहे. निर्धास्त प्या, भांडी भरून ठेवा. आणि सावध राहा, काल एका बाईने माझा आवाज चोरलाय. कुणी माझ्या आवाजात पाणी पिऊ नका म्हणालं, तर विश्वास ठेवू नका."

ताईंनी पेला ओठांजवळून खाली घेतला. त्याचा वास आता केतकीलाही येत होता.

"हे मी कधी बोलले?" ताई म्हणाल्या. "आज तर मी अजून फोनच केला नाही."

म्हणजे घंटागाडी ऐकून नक्कल उतरवणारी केतकी एकटीच नव्हती. ताईंनी जलसारथीला फोन लावला आणि क्लोरीन बंद करायला सांगितलं.

"माफ करा," जलसारथी त्याच अदबीने म्हणाला. "आज असा खोटा फोन येईल, असं ताईंनी मला सकाळीच सांगून ठेवलंय."

ताईंनी केतकीकडे पाहिलं. काल सभेत जी नजर जाब विचारत होती, ती आता आधार शोधत होती. केतकीने त्यांच्या मांडीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. ताईंनी चावी काढली, हवालदाराच्या हातात कोंबली आणि गुलाबभाऊंना जीपमध्ये घालून पंपघरात न्या म्हणून सांगितलं. जीप धुरळा उडवत गेली. झडप बंद व्हायला दहा मिनिटं लागली असती, फार तर पंधरा.

पण नळ सुटून अर्धा तास झाला होता. घरोघरी हंडे भरले होते, चहाची आधणं ठेवली गेली होती, पोरांच्या शाळेच्या बाटल्या भरून तयार होत्या.

"मी जाते चौकात," ताई उठल्या. "माईक घेते. मी सांगते लोकांना, पिऊ नका म्हणून."

बाहेर गाडी पुढच्या गल्लीत वळत होती आणि तीच वाक्यं पुन्हा, तितक्याच मायेने, म्हणत होती. केतकीने ताईंचा हात धरला.

"सांगा ना, ताई," ती म्हणाली. "पण कुणाच्या आवाजात?"