अर्धा आटा

आधी तो स्वयंपाकघरातला नळ नीट बंद करून ये, मग बोलू. ठिबकतोय. पाणी प्यायचं आणि नळ तसाच सोडून यायचं, ही तुमची जुनी खोड. मामा म्हातारा झाला असेल, पण कान शाबूत आहेत. अर्धं आयुष्य पाणीखात्याच्या पंपावर काढलंय मी, ठिबकणारा नळ मला झोपेतसुद्धा ऐकू येतो.

हं, बसा आता. भुताची गोष्ट हवी म्हणालात ना? मला भुतं ठाऊक नाहीत. मला एक माणूस ठाऊक आहे, माझ्याबरोबर नोकरीला होता. त्याच्या बाबतीत जे झालं ते सांगतो. मध्ये कुणी खिदळायचं नाही, आणि भीती वाटली तर माझ्या नावाने आईकडे रडायचं नाही.

त्याला सगळे चावीवाला म्हणत. कुलपाच्या किल्ल्या करणारा नव्हे रे, पाणी सोडणारा. हातात छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर धरायला आडवा दांडा. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. गल्लीला पाणी आलं. उलटी फिरवली की गेलं. पाणी उशिरा आलं तर शिव्या त्याला, आणि वेळेवर आलं तर तो कोण हे कुणाला आठवत नसे.

बंद करताना मात्र तो व्हॉल्व्ह शेवटपर्यंत आवळायचा नाही. अर्धा आटा, म्हणजे चावीचा अर्धा फेरा, सैल सोडायचा. आम्ही सगळेच सोडायचो. जुना व्हॉल्व्ह पुरता आवळला की अडकून बसतो, मग दुसऱ्या दिवशी देव आला तरी उघडत नाही. ही सवय लक्षात ठेवा.

त्याला एकुलती एक लेक. बिट्टी म्हणायचे तिला. उशिरा झालेली, त्यामुळे लाडाला पारावार नव्हता. घर तो पाणी सोडायचा त्याच गल्लीतलं शेवटचं. बाप-लेकीचा रोजचा एक खेळ होता. पाणी बंद करायची वेळ झाली की हा गल्लीच्या तोंडाशी चावीला कान लावून उभा राहायचा. लोखंडातून आवाज लांब जातो. तिकडे घरात बिट्टी नळावर चमच्याने तीन ठोके द्यायची. टक, टक, टक. म्हणजे भांडी भरली बाबा, कर आता बंद. ते ठोके आल्याशिवाय हा चावीला हात लावत नसे. शेजारीपाजारी म्हणायचे, आमच्या गल्लीचा कारभार एका चमच्यावर चालतो.

सुट्टी असली की ती त्याच्याबरोबर यायची आणि दांड्याला लोंबकळायची. मी बंद करणार, मी बंद करणार. चावी जराशी फिरायची आणि अडकायची, तेवढीच ताकद त्या हातांत. मग हा मागून तिच्या हातांवर हात ठेवायचा आणि दोघं मिळून बंद करायची. मी पाहिलंय ते कितीदा तरी.

आणि तिची एक निळी बाटली होती, शाळेची. पाणी आलं की आधी ती भरायची, मग बाकी भांडी. झाकण काही तिला कधी घट्ट लावता आलं नाही. रोज दप्तर ओलं, रोज आईची बोलणी. हा हसून म्हणायचा, बापाचीच लेक ती, अर्धा आटा सोडणारच.

ती पोर पाण्यानेच गेली. त्या गल्लीत पिण्याची लाइन आणि मैल्याचं गटार जमिनीखाली अगदी शेजारीशेजारी. दोन्ही आजोबांच्या काळातली, दोन्ही कुजलेली. कुठेतरी तडा गेला आणि इकडचं तिकडे झालं. पाण्याला वास येतोय म्हणून लोक ओरडले, वरच्यांनी बघू म्हटलं. बिट्टीने रोजच्यासारखी बाटली भरली, शाळेत जाऊन प्यायली. रात्री उलट्या सुरू झाल्या. इस्पितळात नेलं, सलाईन लावलं, पण हाताला लागली नाही. गल्लीतली आणखी मुलं आजारी पडली, ती वाचली. आठ वर्षांची होती रे.

मग शहराला जाग आली. बैल गेला आणि झोपा केला. नवी लाइन घालायची, मैल्याची वेगळी आणि खोल न्यायची, शहराबाहेर मैलापाणी शुद्ध करायचा मोठा प्रकल्प बांधायचा, सगळं ठरलं. रस्ते खणून खणून लोकांचा जीव मेटाकुटीला आला. पण काम चांगलं झालं, नावं ठेवायला जागा नाही. उगाच सरकारी काम म्हणून नाक मुरडू नका.

तोपर्यंत जुन्या लाइनवरच भागवायचं होतं. तडा बुजवला, औषध टाकलं, उकळून प्या म्हणून सांगितलं. चावीवाला कामावर परत आला. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, तिने मात्र पाण्याचा धसकाच घेतला. पाणी दोनदा उकळायची, आणि तरी प्रत्येक पेल्याचा वास घेतल्याशिवाय तोंडाला लावायची नाही. बिट्टीची बाटली तिने धुऊन पुसून फळीवर उपडी ठेवली, झाकण शेजारी. त्यानंतर त्या बाटलीला कुणी हात लावला नाही.

एकदा पंपावर चहा पिताना तो मला हळूच म्हणाला, "ठोके अजून येतात."

मी म्हटलं, पाइपात हवा अडकते, पाणी आपटतं, तुला ठाऊक आहे. तो म्हणाला, हवा तीनच ठोके देऊन थांबत नाही. पाइपात पाणी असेपर्यंतच येतात, पाइप कोरडा पडला की नाही. लोक मागून म्हणायचे, याचेच आटे ढिले झालेत. मी तसं म्हटलं नाही. पण त्याने एकदा चावी माझ्यापुढे धरली तेव्हा मी कानही लावला नाही. धीरच झाला नाही माझा.

आता त्या रात्रीचं सांगतो. गेल्या डिसेंबरातला दुसरा मंगळवार. नव्या लाइनमध्ये पाणी भरलं होतं, सकाळी गल्लीतल्या घरांना जोडून द्यायचं होतं. दुपारीच प्लंबर घराघरांतले जुने नळ काढून, पाइपांची तोंडं बुचं मारून बंद करून गेला होता. एकच काम उरलं होतं, गल्लीच्या तोंडाशी जुनी लाइन कायमची बंद करायची. पाणी कुणी वापरत नसतं म्हणून अशी कामं रात्री करतात. रात्री एकला चावीवाल्याला पाठवलं.

इंजिनीअरबाई नवीन होत्या, वयाने तरुण, पण माणूस समजून घेणाऱ्या. संध्याकाळी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, आज अर्धा आटा सोडू नका. जुन्या पाइपातली घाण नव्या पाण्यात ओढली जाईल. सगळ्या गल्लीत मुलं आहेत." त्यांना बिट्टीचं ठाऊक होतं. काका, तुम्हाला जमणार नसेल तर दुसऱ्याला पाठवते, असंही म्हणाल्या. हा म्हणाला, नको, माझी गल्ली आहे.

पण निघाला तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते त्यानेच मला नंतर सांगितलं. नवे पाइप प्लॅस्टिकचे, मुके. त्यातून ठोका येणार नाही. आणि जुना पाइप पुरता बंद केला तर आतलं पाणी आटणार, तो कोरडा पडणार. म्हणजे आज आपण आपल्या हाताने पोरीचा आवाज बंद करायचा. एकदा गेली ती गेली, आता पुन्हा घालवायची? त्याने ठरवलं, अर्धा आटा सोडायचा. एवढ्याशाने काय होतंय? बापाचं मन होतं रे ते. त्याला दोष देऊ नका.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खिडक्या अंधाऱ्या. त्याने झाकण उचललं, चावी बसवली आणि फिरवायला लागला. शेवटी आला तसा थांबला. अर्धा आटा सोडला. मग दांड्याला कान लावला.

काही नाही.

मग... टक. टक. टक.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आली, म्हणाला. बिट्टी, आहे गं मी इथे. चावी काढायला लागला. तेवढ्यात पुन्हा. टक, टक, टक. जरा मोठे. असं कधी झालं नव्हतं. एकदा ठोके दिले की ती परत देत नसे.

त्याने पुन्हा कान लावला. आता आवाज शेवटच्या घरातून नव्हता. गल्लीच्या मध्यावरून होता. आणि त्याच्या लक्षात आलं... घरी नळच नाही. दुपारीच काढून नेलाय.

टक, टक, टक. अजून जवळ.

तो उभा राहिला. गल्लीत कुणी नाही. ठोके जमिनीखालून पुढे येत होते. एकेका घरासमोरून. एकेका दारासमोर तीन. जणू घरं मोजत...

मग त्याच्या पायाखाली.

मग थांबले.

किती वेळ कोण जाणे. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

आणि चावी फिरली.

त्याने नाही फिरवली. त्याचे हात बाजूला होते. दांडा जरासा हलला, बंद होण्याच्या दिशेने. आणि अडकला. परत हलला. परत अडकला. कुणीतरी लोंबकळत होतं. सगळा जोर लावून...

ताकद पुरत नव्हती.

तो पळाला नाही. पळावंसं वाटलंच नाही, म्हणाला. भीती होती ती त्या क्षणी गेली. एवढंच कळलं की ती त्या तीन ठोक्यांतून काय सांगत होती आणि आपण ऐकत का नव्हतो. भांडी भरली, बाबा. कर आता बंद.

तो मागून वाकला. दांड्यावर हात ठेवले. लोखंड गार होतं, पण दोन ठिकाणी... दोन ठिकाणी नव्हतं.

"चल," तो म्हणाला. "दोघं मिळून."

अर्धा आटा फिरला. व्हॉल्व्ह पुरता बसला.

मग त्याने कान लावला. खूप वेळ लावला. काही नाही... काहीच नाही. लोखंडाचं नुसतं लोखंड झालं होतं. तिथेच रस्त्यात बसून तो लहान मुलासारखा रडला. लेक गेली तेव्हाही रडला नव्हता इतका.

उजाडल्यावर इंजिनीअरबाई आल्या, व्हॉल्व्ह तपासला. थेंबाची गळती नाही. गल्लीला नवं पाणी मिळालं. तेव्हापासून त्या गल्लीत एक मूल पाण्याने आजारी पडलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

मी त्या सकाळी तिथे होतो. त्याची अवस्था पाहून मीच त्याला घरी घेऊन गेलो. वाटेत त्याने मला हे सगळं सांगितलं. दार उघडं होतं. वहिनी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, वर फळीकडे बघत. तिथे भिंतीतून पाइपाचं बुच मारलेलं तोंड बाहेर आलेलं, नवा नळ यायचा होता. उकळलेल्या पाण्याची बादली रात्री झाकली होती तशी झाकलेली, काठोकाठ.

"अहो, तुम्ही रात्री आला होतात का घरी?" तिने विचारलं.

तो नाही म्हणाला. मग त्याने वर पाहिलं. मीही पाहिलं.

निळी बाटली सरळ उभी होती. गळ्यापर्यंत भरलेली, पाणी काचेसारखं स्वच्छ. वहिनी म्हणाली, मी जवळ जाऊन वास घेतला, कसलाही वास नाही हो. एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला.

झाकण लावलेलं होतं. पण घट्ट नव्हतं. अर्धा आटा सैल होतं, आणि फळीवर थेंब थेंब पाणी सांडत होतं.

ते झाकण वहिनीने अजून आवळलेलं नाही.