चापाची अड

धुकं विरलं तेव्हा निशाणाच्या फळीपाशी वेर्नर रीझेन मरून पडलेला दिसला. जुन्या लष्करी बंदुकांच्या नेमबाजीत बंदुका आधी तपासायचं आणि फळीवर कागद चिकटवायचं काम त्याचंच. गोळी फ्रेडी गेर्बरच्या बंदुकीतली होती, आणि ती हुकमाआधीच सुटली होती.

गावाने निकाल देऊनही टाकला. कुरणाच्या बांधावरून दोघा जिवलग मित्रांचं कधीचं बिनसलं होतं, बोलणंही बंद होतं. मग शोधायचं काय राहिलं?

पोलीस अधिकारी उर्सुला त्सुबर याच दरीतली. तिचं मन मानेना. तिने फ्रेडी आणि त्याची बायको रोझमारी यांना नेमबाजी क्लबच्या खोलीत बसवलं. म्हातारा कॉफीचा कप दोन्ही तळव्यांत धरून होता. कोटाची बटणं रोझमारीने लावून दिली होती.

"फ्रेडीकाका, हुकूम नव्हता. मग गोळी सुटली कशी?"

"मी सोडली नाही, पोरी. बोट अडीपर्यंत नेलं, एवढंच. धुक्यात तो आडोशातून परत बाहेर आलेला मला दिसला नाही गं."

लष्करी बंदुकीचा चाप आधी सैल मागे येतो, मग अडतो. पुढे जोर लावावाच लागतो. हुकमाची वाट बघताना इथला प्रत्येक जण बोट त्या अडीशी टेकवून ठेवतो. लष्करात लागलेली ही सवय मेल्याशिवाय सुटत नाही.

"बंदूक तपासायला कोणी आणून दिली?"

"काल हिने. मी कशाला वेर्नरच्या दारात पाय ठेवतोय?"

"आणि आज?"

"बंदुकांच्या कपाटाचं कुलूप त्यानेच उघडलं. मी माझी उचलली आणि नेम धरायला आडवा झालो. तपासल्याचा लाल ठिपका होता की."

उर्सुलाने दीड किलोचं वजन आणवलं. एवढ्या ओझ्याने चाप सुटता कामा नये, असा नियम. बाकीच्या बंदुकांनी वजन पेललं. फ्रेडीच्या रिकाम्या बंदुकीचा खटका मात्र वजन धड टांगायच्या आतच पडला. अड उरलीच नव्हती. आतली कड कानशीने नुकतीच घासलेली होती.

"काका, तुम्हाला बटण लावता येत नाही. एवढी बारीक कानस तुमच्या बोटांत धरवणार नाही. किल्ली एकट्या वेर्नरकाकांकडे. जन्मात त्यांनी खोटा ठिपका दिला नाही. हा एक दिला. काकू, काल ते काय म्हणाले?"

रोझमारी रडू लागली. वेर्नरने फ्रेडीची बोटं कशी आहेत ते विचारलं होतं. चाप ओढवत नाही, ही यंदाची खेप शेवटची, असं तिने सांगितलं. तो इतकंच म्हणाला, ठेव इथे.

"त्यांना चाप नुसता हलका करायचा होता," उर्सुला म्हणाली. "कड जास्त घासली गेली. 'जपून रे, चाप हलका केलाय,' एवढं सांगायला हवं होतं. पण बोलणं बंद होतं ना. आणि सकाळी तुमच्याच फळीचा कागद सुटला, म्हणून ते पुन्हा बाहेर आले."

फ्रेडीच्या हातातला कप कलंडला. कॉफी कोटावर सांडली तरी तो हलला नाही. खुनाचा डाग पुसला गेला होता, पण त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"पोरी, मारलं तर मीच ना," तो शेवटी म्हणाला. "मग गावाला तेवढंच कळू दे. वेर्नरने खोटा ठिपका दिला, असं कोणी म्हणायला नको."

खोटा ठिपका अहवालातून वगळणं आपल्या हातात नाही, हे उर्सुलाला ठाऊक होतं. तसं त्याला सांगताना तिलाही रडू आवरलं नाही.