चाखणं आणि पिणं

चहा चाखायच्या खोलीत टेबलावर सहा कप ओळीनं मांडलेले होते आणि टेबलाखाली चिमाजीशेठ मरून पडले होते. ओठांवर फेस. कोपऱ्यात थुंकायचं पितळी तस्त अर्धं भरलेलं.

"नाथानंच घातलं इख, मॅडम!" शेठचा धाकटा भाऊ काळू ऊर बडवत होता. "दादानं लय इश्वास टाकला व्हता त्याच्यावर."

नाथा म्हणजे घोटीहून येऊन शेठच्या हाताखाली तयार झालेला माणूस. कप मांडायचं काम त्याचंच. त्यातल्या एका कपात विष निघालं आणि नाथा कोठडीत गेला. शेठ गेले तेव्हा मी मालवाहू गाड्यांच्या अड्ड्यावर माल उतरवत होतो, असं तो कळवळून सांगत होता, पण ऐकतो कोण? वरचे साहेब खूश होते. फौजदार चंद्रभागा गांगुर्डे मात्र नव्हत्या. आयती मिळालेली गोष्ट त्यांना कधी पचतच नसे.

भद्रकालीतल्या शेठच्या चहाच्या पेढीवर त्या पुन्हा गेल्या. चाखायच्या खोलीत शेठची एकुलती एक मुलगी प्रतिभा समोर बसली. रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते.

"नाथाचं नि माझं लग्न ठरलं होतं, मॅडम. जात वेगळी. पण बाबा तयार झाले होते."

"घरात कुणी विरोध केला?"

"काका दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, तुझा बाप आहे, तू आहेस."

"त्या कपांत काय काय होतं?"

प्रतिभानं फळीवरचे डबे एकेक करून दाखवले. "हे डस्ट, म्हणजे चहाची भुकटी, हॉटेलवाल्यांची. पाण्यात पडल्या पडल्या रंग सोडते. ही ममरी, दाणेदार आसाम, घरोघरी दूध घालून उकळतात ती. ही निलगिरी. आणि ही दार्जिलिंग. ती उकळली की मेलीच. नुसतं कढत पाणी ओतून झाकून ठेवायची. उरलेले दोन कप नव्या मालाचे. पण चाखताना सगळे कोरेच. दूध नाही, साखर नाही. साखर घातली की खोटा चहाही खरा लागतो, म्हणायचे बाबा."

गांगुर्डेबाईंनी तपासणीचा अहवाल पुन्हा उघडला. विष ममरीच्या कपात. त्याच कपात गूळही.

"शेठ स्वतः कुठला चहा प्यायचे?"

"कुठलाच नाही. चाखून चाखून जीभ आंबायची त्यांची. मधेच मागच्या पडवीत बसून गवती चहा घ्यायचे, आलं-गूळ घालून. नावाचाच चहा, गवतच ते. मीच करून द्यायची. त्या दिवशी मी त्र्यंबकला गेले होते."

"पडवीत नोकर येतात?"

"घरच्याशिवाय कुणी नाही."

बाईंनी काळूला बोलावणं धाडलं. तो आला, दारातच उभा राहिला.

"आत या की."

"नको. दादा मला या खोलीत कधी घेत नव्हता. तंबाखूचा वास लागतो म्हने चहाला."

"खरंय," प्रतिभा म्हणाली. "चहा शेजारचा वास ओढून घेतो."

"मग दादा आत करायचे काय?" बाईंनी काळूला विचारलं.

"करनार काय? दिसभर चहा प्यायचा. कपामागून कप. त्यातच मेला बिचारा."

बाईंनी ममरीचा ताजा कप करवून घेतला. चमचाभर चहा सुर्र करून ओढला, जिभेवर घोळवला आणि पचकन तस्तात थुंकला. काळू बघतच राहिला.

"शेठ असे चाखायचे, काळूभाऊ. प्यायचे नाहीत. घशाखाली काहीच जात नव्हतं. आणि विष तर पोटात भरपूर सापडलं. तस्त रोज धुणाऱ्या नोकरांना हे ठाऊक, प्रतिभाला ठाऊक, नाथाला तर सगळ्यांत जास्त. यांतला कुणीही कपात विष घालून शेठ मरतील अशी आशा धरणार नाही. कपात विष ठेवलं ते ज्याला आत कधी पाऊलच टाकू दिलं नव्हतं, त्यानं. त्यानं पडवीत गवती चहा पाजला. शेठ कामाला म्हणून आत आले आणि कोसळले. मग उरलेला चहा त्यानं ममरीच्या कपात ओतला. त्यातला गूळ मात्र त्याला काढता येईना. लग्नाला होकार देणारा गेला आणि नवरदेव फासावर चढणार होता."

"पुरावा काय?" काळूचा आवाज चिरकला.

"विषाचा वास दडावा म्हणून किलोभर आलं ठेचून घातलंत, तोच पुरावा."

"किलोभर कुठलं? एवढुसंच तर घातलं व्हतं!"

आपण काय बोलून बसलो हे काळूला उमजलं. तो उंबऱ्यातच बसला.

"जातीभायेर पोरगी दिली असती तर गावाकडं सायखेड्यात तोंड दाखवाया जागा राह्यली नसती, मॅडम. लय समजावला त्याला. ऐकंच ना."

बाईंनी हवालदाराला खूण केली. नाथाला सोडायचा निरोप फोनवरून गेला.

प्रतिभा काकाच्या समोर येऊन उभी राहिली. तिनं हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्याच्या भादरलेल्या डोक्याकडे ती नुसती बघत राहिली.

"उद्या दहावं आहे. रामकुंडावर पिंड मी ठेवीन," ती म्हणाली. "पण अग्नी तुम्हीच दिलात हो, काका. बाबांना तोही तुमच्याच हातचा मिळाला."